रिव्हॉल्व्हरची रिकामी पुंगळी कशी वाचायची: जादा दाबाच्या खऱ्या खुणा आणि फसव्या खुणा

रेंजवर सहा राउंड झाले की बहुतेकांचं लक्ष टार्गेटच्या कागदाकडे जातं आणि पुंगळ्या, म्हणजे झाडलेल्या राउंडची रिकामी पितळी कवचं, बादलीत पडतात. कागदावरून नेम कळतो. हत्यार आणि राउंड कोणत्या अवस्थेत आहेत, हे पुंगळ्यांवरून कळतं. नागपुरात तर ही सवय लावून घ्यायलाच हवी. इथल्या परवानाधारकांकडे बरीच रिव्हॉल्व्हरं वडिलांकडून किंवा आजोबांकडून आलेली असतात. राउंड वर्षानुवर्षं कपाटात पडलेले असतात, आणि त्यावर नवतप्याचा उन्हाळा. जुनं पोलाद, जुनी दारू आणि ४५ अंशांच्या पुढे गेलेला पारा एकत्र आले की दाबाचा हिशेब बिघडायला वेळ लागत नाही.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधी सांगतो. बत्तीस बोरच्या पुंगळीवर जादा दाबाची खूण दिसली नाही, म्हणून दाब ठीक होता असं समजू नका. खूण दिसली आणि ती खरी निघाली, तर मात्र दाब मर्यादेच्या बराच पुढे गेलेला असतो. रायफलवाल्यांकडून ऐकलेले ठोकताळे रिव्हॉल्व्हरला लावणारे इथेच फसतात.

कारण आकड्यांत आहे. आपल्याकडे परवान्यावर सर्रास असणारं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे १८९६ चं काडतूस. अमेरिकी उद्योगमानकानुसार त्याची कमाल दाबमर्यादा दर चौरस इंचाला १५,००० पौंड आहे. .३५७ मॅग्नमची मर्यादा ३५,००० आहे, आणि .३०-०६ सारखं रायफलचं काडतूस ६०,००० पर्यंत जातं. आता बत्तीसच्या बुडाला, ठोका बसला की दारू पेटवणारी जी टोपी बसते, तीच छोट्या पिस्तूल टोपीच्या मापाची टोपी .३५७ मध्येही बसते आणि तिथे ३५,००० चा मार सोसून थोडीशीच चपटी होते. मग बत्तीसमध्ये दाब १५,००० वरून २५,००० वर गेला, तर ती टोपी कशाला तक्रार करेल? ती साळसूद दिसते. तेवढ्यात जुन्या रिव्हॉल्व्हरला बंद ठेवणारी कडी सैल झालेली असते किंवा चेंबर, म्हणजे सिलिंडरमधलं राउंडचं घर, फुगलेला असतो. सगळ्यात आधी टोपी बोलेल ही अपेक्षाच चुकीची आहे. बत्तीसमध्ये आधी हत्यार बोलतं, मग पुंगळी सोडण्याचा जोर बोलतो, आणि टोपी सगळ्यात शेवटी.

आधी डबा आणि शिक्का

पुंगळी वाचायला बसण्याआधी तिच्या बुडावरचा शिक्का आणि हत्यारावरचा शिक्का जुळतो का ते बघा. हे बाळबोध वाटेल, पण आपल्याकडे ‘बत्तीस’ या एका शब्दाखाली दोन वेगळी काडतुसं खपतात. बत्तीसच्या पिस्तुलाला .३२ एसीपी लागतं, ज्याला ७.६५ × १७ मिमी असंही म्हणतात. बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग लागतं, ज्याची पुंगळी सुमारे २३ मिमी लांब असते. जाडी जवळपास सारखी असल्यामुळे पिस्तुलाचा राउंड बऱ्याच रिव्हॉल्व्हरांच्या चेंबरमध्ये सरकन बसतो. त्याची दाबमर्यादा २०,५०० आहे, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाहून तिसऱ्या हिश्श्याने जास्त. ‘बसतंय ना, मग चालतंय’ या हिशेबाने दिवाणखान्यातल्या गप्पांत हे उपाय सुचवले जातात. ऐकू नका.

बुडाकडून बघितलं तर फरक लगेच कळतो. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीची कड अंगाच्या चांगली बाहेर आलेली असते आणि तिच्या वर खाच नसते. पिस्तुलाच्या पुंगळीची कड जेमतेम बाहेर असते आणि कडेच्या वर गोल खाच कापलेली असते. देशी राउंडवर खडकीच्या आयुध निर्माणीचा ‘केएफ’ शिक्का दिसतो. शिक्का पुसट असेल, डबा बदललेला असेल, किंवा कोणी ‘घरचे भरलेले’ म्हणून राउंड देऊ करत असेल, तर विषय तिथेच संपवा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी कोणाच्या घरी, कोणत्या तराजूवर दारू मोजली गेली हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

तयारी: अर्धं निदान इथेच होतं

साहित्य फार लागत नाही. इतवारीच्या सराफा बाजारात मिळतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक छोटी टॉर्च, बारीक मार्कर, व्हर्नियर, आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातलं, बारीक फट मोजायचं फीलर गेज. बंदुकीच्या नळीपेक्षा बारीक अशी पितळी किंवा लाकडी दांडीही ठेवा. वही हवीच.

हत्यार रिकामं आहे याची खात्री करून सहाही चेंबर साफ करा आणि कोरडे करा. कोरडे म्हणजे पूर्ण कोरडे. सिलिंडरला तेल पाजून रेंजवर जायची खोड अनेकांना असते. गोळी सुटते तेव्हा पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागच्या पोलादावरचा मार त्यामुळे कमी होतो. भिंत तेलकट असेल तर ती पकड सुटते, पुंगळी मागे आदळते आणि टोपी चपटी होते. दाब नेहमीचाच, खूण मात्र जादा दाबाची. अशी पुंगळी घेऊन येणाऱ्याला मी आधी चेंबर पुसायला सांगतो.

दुसरी तपासणी चेंबरच्या आतल्या काजळीच्या कड्याची. आखूड राउंड वापरले गेले असतील तर जिथे आखूड पुंगळीचं तोंड संपतं, तिथे जळलेल्या दारूचं कडं जमतं. मग लांब पुंगळी त्या कड्यात आवळते आणि सुटताना अडते. टॉर्च समोरून धरून मागून बघितलं की चेंबरच्या मधोमध काळपट वळं दिसतं. ब्रशने ते निघेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग सिलिंडर पुढे-मागे ढकलून बघा. तो किती हलतो, आणि नळीच्या मागच्या टोकाशी किती फट राहते, हे फीलर गेजने मोजून वहीत लिहा. निरोगी रिव्हॉल्व्हरमध्ये ही फट साधारण ०.१ ते ०.२ मिमीच्या आसपास असते. आजचा आकडा एकटा फारसा कामाचा नाही. पुढच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवला की तो बोलतो.

शेवटी सिलिंडरच्या घरांवर मार्करने १ ते ६ आकडे घाला. ही एक मिनिटाची मेहनत पुढे फार उपयोगी पडते, कारण दोष राउंडचा की चेंबरचा हे तिच्यावरूनच ठरतं. खूण एकाच घराच्या पुंगळीवर पुन्हा पुन्हा येत असेल तर ते घर बिघडलेलं आहे. घर कोणतंही असो आणि खूण डब्यातल्या सगळ्या राउंडवर येत असेल, तर डबा.

रेंजवर

चाचणी अधिकृत रेंजवरच करायची. शेतावरच्या विहिरीकाठी नाही, लग्नाच्या वरातीत तर नाहीच. हर्षफायरला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतची कैद आहे. डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर मफ हवेत. चष्म्याचं कारण टोपी फुटण्याच्या भागात येईल.

पहिल्यांदा सहा घरं भरू नका. एकाच घरात एक राउंड घाला, तो झाडा, उघडा आणि बघा. मग पुढचं घर. यामागे खास आपल्याकडचं कारण आहे. कानपूरला बनलेलं देशी .३२ रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्ली मार्क ४ च्या घडणीचं आहे. ते मधून मोडतं, म्हणजे नळी खाली वाकवून उघडतं, आणि मोडताना चांदणीसारखा इजेक्टर सहाही पुंगळ्या एकदम वर उचलतो. या उघडण्याला तरफेचा जोर मिळतो. त्यामुळे सहांतली एक पुंगळी अडकली असेल तरी हाताला ते नीट कळत नाही. एकच पुंगळी असेल तर मात्र उघडताना लागलेला जोर थेट तिचाच असतो. बाजूला सिलिंडर काढायच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक सोय आहे: इजेक्टर न दाबता, नळी वर करून पुंगळ्या आपोआप घसरतात का ते बघता येतं.

कान उघडे ठेवा. नेहमीपेक्षा मोठा आवाज किंवा जोरदार झटका ही सूचना आहे, पण त्याहून घातक म्हणजे नेहमीपेक्षा हलका आवाज. ‘फुस्स’ झालं, झटका जाणवला नाही, की थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. त्यावर दुसरा राउंड झाडला की नळी फुगते किंवा फुटते. जुन्या हत्यारांच्या नळीत मध्येच दिसणारी अंगठीसारखी सावली बहुतेकदा अशाच एका घाईची असते. नळी लक्ष्याच्या दिशेने ठेवा, अर्धा मिनिट थांबा, रिकामं करा, आणि मागून उजेड पाडून नळीतून आरपार दिसतं का ते बघा. दिसत नसेल तर हत्यार जसं आहे तसं गनस्मिथकडे. दांडीने ठोकत बसायचं काम रेंजच्या बाकावर करू नका.

पुंगळ्या काढल्या की डब्यातल्या प्लास्टिकच्या साच्यात घराच्या क्रमाने उभ्या करा आणि बुडावर मार्करने घराचा आकडा लिहा. त्याच डब्यातला एक न झाडलेला राउंड तुलनेसाठी बाजूला ठेवा. तुलनेला काही नसेल तर बाकीचं सगळं अंदाजपंचे.

सुटताना लागलेला जोर

बत्तीसमध्ये मी सगळ्यात जास्त विश्वास याच खुणेवर ठेवतो. पितळ दाबाने ताणलं जातं आणि दाब ओसरला की थोडं आत येतं. पोलादी चेंबरही केसभर ताणला जातो आणि परत येतो. नेहमीच्या दाबाला पितळ पुरेसं आत येतं, म्हणून पुंगळी सैल होते. दाब फार वाढला की चेंबर जास्त ताणला जातो, पितळाची परत यायची ताकद संपते, आणि परत येणारं पोलाद त्याला आवळून धरतं.

म्हणून स्वच्छ, कोरड्या, गुळगुळीत चेंबरमधून नेहमी बोटाच्या धक्क्याने सुटणारी पुंगळी आज अंगठ्याचा पूर्ण जोर मागत असेल, तर ती दाबाची गंभीर खूण आहे. तळहाताने ठोकावं लागलं, तर त्या डब्याचं काम संपलं. पुढचा राउंड ‘बघू या’ म्हणूनही झाडायचा नाही.

अडण्याची दुसरी कारणं आधी वगळावी लागतात. काजळीच्या कड्याचं वर आलंच. गंजाने खड्डे पडलेला चेंबरही पुंगळी धरून ठेवतो, पण मग पुंगळीच्या अंगावर त्या खड्ड्यांचे बारीक फोड उमटलेले दिसतात आणि ते नेहमी त्याच घरात येतात. तिसरं कारण नागपुरी आहे: कूलर. ज्या खोलीत एप्रिल ते जून कूलर चालतो, तिथल्या कपाटात दमट हवा साचते आणि पितळ कळकतं. चामड्याच्या पट्ट्यात अडकवून ठेवलेल्या राउंडवर तर हिरवा मेणचट थर चढतो. हा थर चेंबरमध्ये जातो आणि भाजून बसतो. राउंड झाडण्याआधी बोट फिरवून बघितलं तरी कळतं.

टोपी

आता सगळ्यांची आवडती जागा. भिंग घ्या आणि टॉर्च आडवी धरा. वरून पडलेल्या उजेडात काहीच दिसत नाही. तिरप्या उजेडात सावल्या पडतात आणि टोपीचा उठाव कळतो.

निरोगी टोपीची कड गोलसर असते. टोपी आणि तिच्या खळग्याच्या भिंतीमध्ये बारीक गोल चर दिसतो. फायरिंग पिनचा खड्डा मऊ उताराचा असतो. दाब वाढत गेला की कड पसरते, चर भरत जातो आणि शेवटी टोपी व बूड एकच सपाट चकती वाटू लागते; नखाने कड सापडत नाही. बत्तीसमध्ये अशी टोपी दिसली तर डबा बंद करा. फक्त आधी हे विचारा: चेंबर तेलकट होता का? सिलिंडर पुढे-मागे जास्त हलतो का? कड पातळ असलेला एसीपीचा राउंड तर वापरला नाही ना? या तिन्ही प्रसंगी पुंगळी मागे आदळते आणि मामुली दाबालाही टोपी चेचली जाते. सैल सिलिंडरमधल्या टोपीचा आकार वेगळा ओळखू येतो. ती आधी बाहेर येते, कड मोकळी पसरते, आणि मग परत आत चेपली जाते, म्हणून तिच्या कडेला बारीक ओठ फुटल्यासारखा दिसतो.

फायरिंग पिनच्या खड्ड्याभोवती उभा काठ आला, तर टोपीचं धातू पिनच्या भोकात मागे सरकलं आहे. दाब जास्त असला की हे होतं. पण भोक झिजून मोठं झालं असेल किंवा पिन बारीक असेल, तरीही होतं. त्याच हत्याराच्या जुन्या पुंगळ्या काढून बघा. त्यांच्यावरही तोच काठ असेल तर तो त्या हत्याराचा स्वभाव आहे. फक्त या डब्यात नव्याने आला असेल तर काळजीचं. काठ फार उंच आला की सिलिंडर फिरताना तो भोकाच्या कडेला अडतो आणि घोडा ओढायला जड जातो. बोटाला जाणवलेला हा जडपणा भिंगाआधीची सूचना आहे.

भोक पडलेली टोपी कोणत्याही कारणाने असो, हत्यार थांबवायचं. त्या भोकातून तापलेला वायू मागे, म्हणजे तुमच्या चेहऱ्याकडे येतो. चष्मा यासाठीच. कारण दोन असतात: जादा दाब, किंवा टोकदार झालेली पिन. भोकाची कड आतल्या बाजूला वळलेली आणि पिनच्या टोकाएवढी बारीक असेल, तर पिनवर संशय. पिनच्या भोकाएवढी गोल टिकलीच कापून निघाली असेल, तर दाबावर. दोन्ही गनस्मिथने बघायच्या गोष्टी आहेत. वायूने मागच्या पोलादावर काळे खड्डे पाडले आहेत का, हेही त्याला दाखवा.

आणि बाहेर आलेली टोपी? तिला बघून लोक हमखास घाबरतात, ‘केवढा दाब!’ रिव्हॉल्व्हरमध्ये ती बहुतेकदा कमी दाबाची खूण असते. टोपी फुटते तेव्हा आधी मागे सरकून पोलादी भिंतीला टेकते. मग दाब वाढतो, सगळी पुंगळी मागे येते आणि टोपी परत खळग्यात बसते. दारू नरम पडली असेल तर पुंगळी मागे यायलाच जोर पुरत नाही आणि टोपी बाहेरच राहते. जुन्या राउंडमध्ये हे नेहमीचं आहे. मात्र अशी टोपी सिलिंडर अडवते आणि पुढचा राउंड नळीत अडकू शकतो, म्हणून याही डब्याला निरोप द्यावा.

बूड, अंग आणि तोंड

रायफलच्या पुंगळीच्या बुडावर इजेक्टरच्या भोकाचा चकचकीत ठसा उठतो आणि त्याची फार चर्चा होते. रिव्हॉल्व्हरमध्ये तसं भोकच नसतं. त्याऐवजी सिलिंडरमागच्या भिंतीवरचे यंत्रकामाचे चरे बुडावर छापले गेलेत का ते बघायचं. अक्षरांचा शिक्का न झाडलेल्या राउंडच्या मानाने पुसट आणि चेपलेला दिसतो का, तेही बघा. शिक्का चेपला गेला असेल तर फार पुढे गेलेली गोष्ट आहे.

अंगावरचा फुगवटा बोटांनी लवकर कळतो. पुंगळी चिमटीत धरून हळूहळू फिरवा. सगळीकडून सारखी फुगलेली असेल तर ती चेंबरच्या मापाची झाली, एवढंच. एकाच बाजूला टेंगूळ असेल तर चेंबर त्या बाजूला फुगला आहे. सहा घरांच्या बहुतेक सिलिंडरांत, सिलिंडर अडकवायची बाहेरची खाच बरोबर चेंबरच्या मध्यावर येते. तिथे पोलाद सगळ्यात पातळ असतं, आणि जादा दाबाने आधी तेच फुगतं. पुंगळीवरचं टेंगूळ त्या खाचेच्या रेषेत येतं का हे बघायला घराचे आकडे कामी येतात. जुळलं, तर ते हत्यार झाडायच्या लायकीचं नाही. मग राउंड कितीही नवे असोत.

व्हर्नियरने बुडाजवळचा व्यास मोजून दाब काढायची पद्धत काही जण सांगतात. रायफलच्या दाबाला तिला थोडा अर्थ असेल. बत्तीसच्या दाबाला बुडाजवळचं जाड पितळ इतकं कमी सरकतं की ०.०२ मिमीच्या व्हर्नियरला ते पकडता येत नाही. व्हर्नियर लांबी मोजून चुकीचा राउंड ओळखायला वापरा.

तोंडाला उभी चीर दिसली तर लगेच दाबावर खापर फोडू नका. पितळ जुनं होऊन ठिसूळ झालं की तोंड फाटतं. याचा इतिहास आपल्याच मातीतला आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवली जात, आणि मोसम संपला की पितळेला चिरा पडलेल्या सापडत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये कारण उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात आधीच असलेला ताण. आज तबेले नाहीत, पण पितळ चकाकवायच्या काही पॉलिशांत अमोनिया असतो. राउंड चमकवायला पॉलिश, चिंच-मीठ काहीही लावू नका. कोरड्या फडक्याने पुसा, बस्स.

चीर बुडाजवळ असेल, किंवा आडवी, पुंगळीभोवती फिरणारी असेल, तर मात्र थांबायचं. तिथून वायू बाहेर पडला की जागा रिकामी नसते. त्याच्यासमोर तुमचा हात असतो.

अंगावरच्या काजळीबद्दलही उलटं समजलं जातं. पुंगळी बाहेरून अर्ध्यापर्यंत काळी आली की ‘दारू जास्त भरलीये’ म्हणतात. खरं तर दाब कमी पडल्याने तोंड चेंबरला नीट चिकटलं नाही आणि धूर मागे आला. बत्तीसच्या मवाळ राउंडमध्ये थोडी काजळी नेहमीची असते.

.२२ वाल्यांसाठी थोडक्यात: तुमच्या काडतुसाला वेगळी टोपी नसते, दारू पेटवणारा मसाला कडेतच असतो. म्हणून कड फुगली, पिनच्या खुणेपाशी फाटली किंवा बूड घुमटासारखं झालं, की थांबा.

हत्यार काय म्हणतंय

पुंगळ्या बघून झाल्या की हत्यार रिकामं करून परत मोजा. सिलिंडरचं हलणं सकाळच्या आकड्यापेक्षा वाढलंय का? मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये वरची कडी ही सगळ्यात नाजूक जागा. बंद केल्यावर नळी आणि सांगाडा धरून हलकेच हलवा. खटखट ऐकू आली, कडीपाशी उजेडाची रेघ दिसली, तर त्या हत्याराने दाब सोसला आहे, मग टोप्या कितीही देखण्या असोत. घोडा ओढलेल्या अवस्थेत सिलिंडर बाजूला हलतो का, हेही बघा. रिकाम्या हत्यारावरच, आणि सावकाश.

उन्हाळ्याचं प्रकरण

दारू तापलेली असली की जोरात जळते आणि दाब चढतो. कारखान्याने त्यासाठी सवड ठेवलेली असते. पण ती सवड धडधाकट हत्यारासाठी असते, सैल कडीच्या वडिलोपार्जित हत्यारासाठी नाही. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेवून बघा, म्हणजे आतलं तापमान बाहेरच्या किती पुढे जातं ते कळेल. शस्त्र गाडीत सोडून जाणं हा मुळातच हलगर्जीपणा आहे, हा मुद्दा वेगळा. रेंजच्या बाकावरही डबा उन्हात ठेवू नका, सावलीत ठेवा. चाचणी सकाळी करा आणि वहीत तापमान लिहा. जानेवारीतल्या आणि मेमधल्या पुंगळ्यांत फरक दिसला तर त्याला संदर्भ मिळेल.

एका दुपारच्या उन्हापेक्षा वर्षानुवर्षांची उष्णता वाईट. धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजची असते. तिच्यात तिला टिकवणारं रसायन मिसळलेलं असतं, आणि उष्णतेने ते हळूहळू संपतं. मग दारू आतून आंबते, आणि दाब कधी कमी तर कधी जास्त, बेभरवशाचा होतो. अशा डब्यातली एक पुंगळी काजळलेली आणि शेजारची अडकलेली निघते. ही विसंगती कोणत्याही एका खुणेपेक्षा वाईट. डबा उघडताना आंबट, झोंबणारा वास आला, किंवा पुंगळी आणि गोळीच्या सांध्यातून हिरवट स्राव आला, तर झाडून बघायची गरजच नाही. राउंड पश्चिमेच्या गच्चीखालच्या माळ्यावर नको, कूलरच्या झोतातही नको. घरातल्या थंड, कोरड्या, कुलूपबंद जागी ठेवा.

खूण सापडली, पुढे काय

झाडणं थांबवा. उरलेले राउंड त्यांच्याच डब्यात परत घाला आणि त्यावर ‘वापरू नये’ लिहा. लॉट क्रमांक, घराचा आकडा, तापमान, काय दिसलं, हे वहीत उतरवा. पुंगळ्या चिठ्ठी लावून वेगळ्या ठेवा, कारण गनस्मिथला तुमच्या वर्णनापेक्षा त्या जास्त सांगतील. हत्यार परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्या, सोबत परवाना ठेवा. ओळखीच्या लेथवाल्याकडून चेंबर ‘जरा घासून’ घेणं बेकायदा आहे, आणि पातळ झालेलं पोलाद परत येत नाही.

दुसऱ्या डब्यातले, वेगळ्या लॉटचे राउंड त्याच हत्यारात लगेच झाडून बघायचा मोह होतो. हत्यार तपासून होईपर्यंत थांबा. पहिल्या डब्याने काही वाकवलं असेल, तर चांगले राउंडही त्याला पुढे तोडतील.

नको झालेल्या जिवंत राउंडचं काय करायचं हा प्रश्न नेहमी येतो. ते कचरागाडीत टाकत नाहीत, भंगारवाल्याला देत नाहीत, रात्री फुटाळा तलावात सोडून येत नाहीत. ज्या विक्रेत्याकडून घेतले त्याच्याशी बोला, नाहीतर पोलीस ठाण्यात लेखी देऊन जमा करा. शहरात परवाना पोलीस आयुक्तालयाकडून येतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. जमा केलेल्या राउंडची पोच घ्या, तीवर संख्या आणि बोर लिहिलेलं आहे का ते तिथेच वाचा, आणि परवान्यासोबत लावून ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी राउंडचा हिशेब विचारला जातो तेव्हा ती लागते.